केशराचें कूळ

श्रीखंडांत किंवा साखरभातांत घालावयाच्या केशराच्या काड्या आपण मोजून घेतों. एक किलो सुकें केशर मिळविण्यास सुमारें दीड लाख फुलें खुडावीं लागतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही काटकसर रास्त वाटते. जांभळ्या फुलाच्या पोटांतील तीन तांबडे तंतू, एवढेंच काय तें केशर! परंतु या फुलाचें खरें नवल निराळेंच आहे. त्याला बीं धरत नाहीं. मग तें आलें कोठून?

श्रोतेहो, याचें उत्तर पेशींतील गुणसूत्रांनीं दिलें आहे. ग्रीस देशांत, अथेन्सभोंवतींच्या ॲटिका प्रांतांत व ईजियन समुद्रांतील कांहीं बेटांवर क्रोकस कार्टराइटियानस नांवाची रानटी जात उगवते. तिच्या पेशींत आठ-आठांचे दोन संच, म्हणजे १६ गुणसूत्रें असतात. केशराच्या पेशींत तीन संच, म्हणजे २४. केशर हा दोन भिन्न जातींचा संकर असावा, असाही तर्क पुष्कळ दिवस चालू होता. २०१९ मध्यें जर्मनींतील संशोधकांनीं या वनस्पतींचीं आनुवंशिक द्रव्यें ताडून पाहिलीं, तेव्हां तीनही संच या एकाच जातीचे, आणि अथेन्सजवळील झाडांशीं सर्वांत मिळतेजुळते, असें दिसून आलें. बीजपेशी तयार होतांना दोन संचांची वांटणी व्हावयाची, ती एकदां झालीच नाहीं. ती दुहेरी पेशी दुसऱ्या झाडाच्या एकेरी पेशीशीं मिळाली, आणि केशर जन्मास आलें.

दोन संचांच्या जोड्या जुळतात, तिहींच्या जुळत नाहींत; म्हणून केशर वांझ. केळीचे मुनवे लावावे, तसे त्याचे कंद माणसानेंच काढून पुन्हां लावावयाचे. इराणांतलें काय, स्पेनमधलें काय, किंवा काश्मिरांतील पांपोरचें काय, सारें केशर जवळजवळ एकाच रोपाचा विस्तार आहे. माती, हवा व वाळविण्याची रीत यांनीं गुणांत फरक पडतो, रक्त तेंच.

यांतच धोकाही आहे. कंद कुजविणारा रोग आला, तर त्यास तोंड देणारें निराळें भावंड शेतांत नसतें. आणि बीं नसल्यामुळें संकरानें नवा वाण काढतां येत नाहीं. रानटी जातीला मात्र बीं धरतें, आणि तिच्यांत विविधताही पुष्कळ आहे. कूळ कळल्यामुळें तोच संयोग पुन्हां घडवून आणण्याची वाट आतां दिसूं लागली आहे. म्हणून अथेन्सजवळच्या खडकाळ टेकड्यांवरील हें रानफूल जपणें, म्हणजे आपल्या डबींतील केशराचें भवितव्य जपणें होय.