नांगर रुततो कसा, सुटतो कसा?

१७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रातील ‘पी-३०५’ हे बार्ज नांगर सुटून वाहत गेले व बुडाले. त्यावर २६१ माणसे होती. साठाहून अधिक दगावली.

अशा बार्जला स्वतःचे इंजिन नसते. टगबोट एकेक नांगर दूर नेऊन तळाशी सोडते. मग बार्जवरील विंच दोर ओढते आणि नांगराचे पाते गाळात रुतते. नांगर केवळ वजनावर धरत नाही, आडव्या ओढीवर धरतो. समजा, खोली ८० मीटर आहे. ताणलेला दोर ८०० मीटर असेल तर तळाशी कोन सुमारे ६ अंश होतो. १६० मीटर असेल तर ३० अंश, आणि नांगर उपटू लागतो. (परातीतल्या ओल्या वाळूत वाकवलेला काटा-चमचा दोऱ्याने ओढून वर्गात हे सहज दाखवता येईल.) वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, शिवाय प्रत्येक लाट बार्ज उचलून दोराला हिसका देते. भर वादळात टगबोटीला नांगर पुन्हा टाकता येत नाही. बार्ज बंदरात न्यायचे ते त्याआधीच.