ब्लूग्रास: मंचापेक्षा मैदानात जास्त वाजणारं संगीत

गैरसमज: ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेच्या डोंगरांतलं शेकडो वर्षं जुनं लोकसंगीत.

पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये आला, तेव्हा ब्लूग्रास जन्मालाही आलं नव्हतं. केंटकीच्या पश्चिम भागातल्या रोझीन गावचा बिल मन्रो १९३९ मध्ये आपला ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा संच घेऊन नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज त्याला येऊन मिळाला आणि त्याच्या तीन बोटांच्या बँजोने या संगीताला आजचं रूप दिलं. मॅन्डोलिन, फिडल, बँजो, गिटार आणि उभा बेस अशी पाच वाद्यं, ढोल-ताशा काही नाही, आणि वर उंच पट्टीतलं गाणं. जुन्या सुरावटी त्यात आहेतच, पण हे संगीत घडवलं ते व्यावसायिक वादकांनी, रेडिओ आणि ध्वनिमुद्रिकांच्या काळात.

गैरसमज: हे निव्वळ गोऱ्यांचं संगीत.

बँजोची मुळं आफ्रिकेत आहेत. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी ते वाद्य अमेरिकेत पुन्हा उभं केलं. आर्नल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय गिटार व फिडलवादक. पोरवयात मन्रो त्याच्या साथीला नाचगाण्याच्या कार्यक्रमांत वाजवायचा आणि त्याचं ऋण तो पुढे मोकळेपणाने सांगायचा. एवढं असूनही शुल्ट्झचं नाव अजून फार कमी लोकांना ठाऊक आहे. ते घ्यायलाच हवं.

गैरसमज: कलावंत एकतर श्रीमंत तारे, नाहीतर ओसरीवर बसून वाजवणारे रिकामटेकडे.

दुसऱ्या प्रतिमेला ‘डिलिव्हरन्स’ (१९७२) या चित्रपटाने बरंच खतपाणी घातलं. प्रत्यक्षात ही माणसं कष्टकरी होती. मन्रोने उमेदीच्या वर्षांत शिकागोजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात पिंपं हलवली. पुढे नाव झाल्यावरही त्याचा संच तंबू घेऊन गावोगाव हिंडायचा. गावात पोचलं की दिवसा स्थानिक संघाशी बेसबॉलचा सामना आणि रात्री कार्यक्रम, असा त्यांचा शिरस्ता. हेझल डिकन्स वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणकामगार घरातली. ती बाल्टिमोरच्या कारखान्यांत राबली आणि कामगारांची दुःखं गात राहिली. या क्षेत्रात बायकांना पुढे उभं राहून गायची वाट करून देणाऱ्यांत ती अग्रणी.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो १९७१ मध्ये वॉशिंग्टनच्या परिसरात जमलेला ‘सेल्डम सीन’ हा संच. गायक जॉन स्टार्लिंग सर्जन होता, बँजोवादक बेन एल्ड्रिज गणितज्ञ, बेसवादक टॉम ग्रे ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये नकाशे करणारा, माइक ऑल्ड्रिज वृत्तपत्रातला चित्रकार, तर मॅन्डोलिन वाजवणारा जॉन डफी वाद्यदुरुस्तीवर पोट भरायचा. आठवड्यातून एक रात्र क्लबात वाजवायचं आणि जमेल तेव्हा महोत्सव करायचे, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. नोकरी सांभाळून वाजवणाऱ्या या माणसांनी ब्लूग्रासची दिशा बदलली. म्हणून ‘पूर्णवेळ नाही म्हणजे हौशी’ हा निवाडा इथे लावू नये.

गैरसमज: महोत्सव म्हणजे तिकीट काढून मंचापुढे बसणं.

अनेक दिवस चालणारा पहिला ब्लूग्रास महोत्सव कार्ल्टन हेनी याने १९६५ च्या सप्टेंबरात भरवला, व्हर्जिनियातल्या फिनकॅसलजवळच्या घोड्यांच्या फार्मवर. मन्रोने १९६७ पासून इंडियानातल्या बीन ब्लॉसमला स्वतःचा महोत्सव सुरू केला. त्या दिवसांपासून या महोत्सवांचा जीव तंबूंच्या तळावर आहे. कॅन्ससमधल्या विनफिल्डला १९७२ पासून दर सप्टेंबरात वॉलनट व्हॅली महोत्सव भरतो. तिथे तंबूची मनाजोगती जागा मिळावी म्हणून लोक कितीतरी दिवस आधी येऊन थांबतात. रात्री मंच शांत झाला की तंबूंपुढे खुर्च्यांची कोंडाळी जमतात. दंतवैद्य, सुतार, शाळकरी मुलगी आणि नुकताच मंचावरून उतरलेला वादक एकाच कोंडाळ्यात.

तिथे कुणीही कसंही वाजवत नाही, शिस्त असते. गाणं जो सुचवतो तो पट्टी सांगतो. मग प्रत्येकाला आळीपाळीने एकल वाजवायची संधी. नको असेल तर मान हलवून पुढच्याकडे सोपवायची. एकाचं चालू असताना बाकीच्यांनी आवाज खाली घ्यायचा. मॅन्डोलिन तेव्हा दोन ठोक्यांच्या मध्ये छाटल्यासारखा आघात देत ठेका धरते. बँजोची पाचवी आखूड तार मधूनमधून तोच एक स्वर देत राहते. सतारीच्या चिकारीची सवय असलेल्या कानाला तिची ओळख लगेच पटते.

गैरसमज: आपला त्याच्याशी काय संबंध?

मुंबईत जन्मलेले झाकीर हुसेन आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांनी बँजोवादक बेला फ्लेक आणि बेसवादक एडगर मेयर यांच्याबरोबर ‘अ‍ॅज वी स्पीक’ हा अल्बम केला. २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. तबला आणि बँजो एकमेकांना किती बारकाईने ऐकतात, हे कळायला तो अल्बम पुरेसा आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना माझी विनंती आहे. जवळच्या महोत्सवाला जा आणि एक रात्र तरी तळावर राहा. कोंडाळ्याच्या बाहेर उभं राहून खुशाल ऐका, कुणी हाकलत नाही. वाजवता येत असेल तर आधी विचारा, मग बसा. आणि मंचाशेजारच्या टेबलावर कलावंत स्वतःच्या सीडी विकत उभा दिसला, तर एक नक्की घ्या. त्याच्या पुढच्या गावापर्यंतच्या पेट्रोलचा खर्च बऱ्याचदा त्या टेबलावरच निघतो.