सुंभाचं नाताळचं झाड

मैत्रिणींनो, नारळाची सोडणं आपण चुलीत घालतो. त्यांच्याच काथ्याचं वीतभर नाताळचं झाड होतं, बाटली धुवायच्या ब्रशासारखं. सुंभ उकलून पिंजा, चार बोटं लांब तुकडे कापा. आपल्या खाऱ्या हवेत साधी तार गंजते, म्हणून जस्ती तार घ्या. ती मधोमध दुमडून खिळ्याला अडकवा. दोन पदरांत काथ्या आडवा, विरळ पसरा आणि मोकळी टोकं पकडीने पिळा. पिळाबरोबर काथ्या चहूबाजूंनी फिरून उभा राहतो.

थर जाड झाला तर तार काथ्याला धरत नाही आणि झाड गिऱ्हाइकाच्या हातातच गळतं. कापण्याआधी झटकून बघा. गळलं तर आणखी पीळ द्या. मग कात्रीने वर निमुळतं करा. रंगवायचं तर पिळण्याआधी. मला मात्र काथ्याचा तांबूस रंगच आवडतो. दिवाळी झाली की कामाला लागा. २५ डिसेंबरनंतर गिऱ्हाईक नाही.