प्रयोगशाळेतील ओळखीचे विष

रसायनशास्त्र शिकलेल्या मनुष्यास रसायनांचे भय अधिक वाटत असले पाहिजे, असा सर्वसामान्य समज आहे. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. ज्या बाटलीला हात लावताना नवखा विद्यार्थी बिचकतो, तीच बाटली दहा वर्षे प्रयोगशाळेत काढलेला माणूस बोलता बोलता उचलतो. यास आपण कौशल्य म्हणतो. त्यात कौशल्य किती आणि सवयीने बोथट झालेले भय किती, हे सांगणे मात्र कठीण.

ज्ञान व काळजी दोन्ही असूनही घात होतो, हे अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान यांच्या मृत्यूने दाखवून दिले. विषारी धातूंचे परिणाम हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. १४ ऑगस्ट १९९६ रोजी त्या डायमिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचे संयुग हाताळीत होत्या. वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात काम चालले होते, डोळ्यांवर चष्मा होता, हातांत लॅटेक्सचे मोजे होते. मोज्यावर एकदोन थेंब पडले. आग झाली नाही, वेदना झाली नाही. पाच महिन्यांनी त्यांचा तोल जाऊ लागला, वाणी अडखळू लागली. ८ जून १९९७ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नंतरच्या चाचणीत आढळले की, हे संयुग तसल्या मोज्यातून १५ सेकंदांच्या आत पार होते. विष त्यांस पुरते ठाऊक होते. मोजा ठाऊक नव्हता.

धोका ओळखण्याची आपली कसोटी म्हणजे त्वचा आणि नाक. गंधकाम्ल भाजते, म्हणून त्याचा धाक सर्वांस असतो. बेंझीनचा वास गोडसर. त्यापासून होणारा रक्ताचा कर्करोग वर्षानुवर्षांनी उमटतो, म्हणून त्याचा धाक नाही. हायड्रोजन सल्फाइडची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. आम्ही पडलो कलाशाखेचे. शिक्षकी पेशात असताना किपच्या उपकरणाच्या त्या सडक्या अंड्यांच्या वासाने आम्ही नाक दाबून पुढे जात असू, आणि आतली मंडळी मात्र खुशाल काम करीत असत. त्यांचे नाक सरावलेले होते, इतकेच. या वायूचे प्रमाण फार वाढले म्हणजे घ्राणशक्तीच बधिर होते. पहारेकरी नेमका चोर घरात शिरल्यावर झोपतो.

आमच्याकडे उकाडा होतो म्हणून प्रयोगशाळेतील कोट खुंटीवर राहतो. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २९ डिसेंबर २००८ रोजी हवा लागताच पेट घेणारे एक रसायन सिरिंजमधून सांडले. ते हाताळणाऱ्या २३ वर्षांच्या संशोधन साहाय्यिकेच्या अंगात कोट नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. १८ दिवसांनी ती दगावली. तिच्या प्राध्यापकांवर पुढे फौजदारी खटला भरण्यात आला. कोट कोणी घालावा याबरोबर तो घातला आहे हे कोणी पाहावे, हा प्रश्न तेथे प्रथमच न्यायालयापर्यंत गेला.

आमच्या महाविद्यालयांत हा प्रश्न आणखी एका माणसापाशी येऊन थांबतो. तो म्हणजे प्रयोगशाळेचा परिचर. विद्यार्थी आठवड्यातून काही तास येतात आणि जातात. अम्ले ओतणे, काचसामान धुणे, सांडलेले पुसणे, उरलेले मोरीत सोडणे, हे सारे रोज त्याच्या हातून होते. बाटलीवरील सूचना इंग्रजीत. लाल चौकटीतील सांगाड्याचे किंवा ज्वालेचे चित्र मात्र त्यास दिसते, पण त्याचा अर्थ त्यास कोणी बसून समजावला आहे काय? भोपाळच्या १९८४ सालच्या संहारानंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारास देण्याचे बंधन कारखानदारांवर आले. महाविद्यालयाची प्रयोगशाळा म्हणजे कारखाना नव्हे, हे खरे. पण बाटलीतील द्रव्याला हा भेद कळत नाही.

मराठी चिठ्ठ्या चिकटविण्यास, तोंडाने पिपेट ओढण्याऐवजी रबरी फुगा देण्यास, योग्य जातीचे मोजे आणण्यास फार मोठे अनुदान लागत नाही. प्राचार्यांनी एखाद्या दुपारी स्वतः प्रयोगशाळेत जावे, फळीवरची एक बाटली परिचराच्या हाती द्यावी आणि ही सांडली तर काय करशील, असे विचारावे. ‘फडक्याने पुसून घेतो, साहेब,’ असे उत्तर आले, तर ते फडके नंतर कोठे जाते, हेही विचारावे.