पहिला श्रोता

अप्रसिद्ध कवीला किंवा गायकाला प्रथम गर्दी लागत नाही. त्याचे बोल जपणारा एक माणूस लागतो. आपल्या महाळुंग्याशेजारच्या चाकणचे संताजी जगनाडे तेलाचा घाणा चालवीत. त्यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. खानदेशातील बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी घरच्यांनी टिपली. १९५१ साली त्या निवर्तल्या आणि १९५२ साली ती गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आली. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले, पण ते पाहायला त्या नव्हत्या. आज महाळुंग्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून कोणी कविता लिहीत असेल, तर त्याची वही त्याच्या हयातीतच मागून घेऊन वाचावी. श्रोत्याचेही काही कर्तव्य असतेच ना?