जुना सर्व्हर आणि व्यवसायाची जोखीम

प्रस्तावना :

संगणकीकरणानंतर व्यवसायाच्या हिशेबवह्या, मालसाठ्याच्या नोंदी, ग्राहकांची येणी आणि वेतनपत्रके एकाच यंत्रात एकवटली. ते यंत्र म्हणजे सर्व्हर. कार्यालयातील इतर संगणक बदलले जातात. अहोरात्र चालणारा सर्व्हर मात्र 'चालतो आहे ना' या एकाच निकषावर वर्षानुवर्षे तसाच राहतो. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत सर्व्हर व नेटवर्क यांचे उपयुक्त आयुष्य ६ वर्षे धरले आहे. त्यानंतर पुस्तकी किंमत नाममात्र उरते आणि यंत्राचा वापर जणू फुकट होत आहे, असे व्यवस्थापनास वाटू लागते. प्रस्तुत लेखात या समजुतीमागील धोक्याचे विवेचन केले आहे.

एकाच वेळी होणारी झीज :

डिस्क, पंखे, पॉवर सप्लाय हे घटक झिजणारे असल्यामुळे सर्व्हरमध्ये ते बहुधा एकापेक्षा अधिक बसविलेले असतात. रेड ५ या पद्धतीत एक डिस्क निकामी झाली, तरी उरलेल्या डिस्कवरील माहिती व पॅरिटी यांच्या आधारे तिची माहिती पुन्हा तयार करता येते. ही व्यवस्था एका गृहीतकावर उभी आहे : दोन डिस्क एकाच सुमारास बिघडणार नाहीत. जुन्या सर्व्हरमध्ये नेमके हेच गृहीतक डळमळते. तेथील डिस्क एकाच दिवशी, बहुधा एकाच खेपेतून आलेल्या आणि तितकेच तास, तितक्याच उष्णतेत चाललेल्या असतात. शिवाय बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसविल्यावर उरलेली प्रत्येक थकलेली डिस्क पूर्णपणे वाचावी लागते. अनेक तासांच्या या श्रमात दुसरी डिस्क कोलमडली, तर संपूर्ण संचातील माहिती जाते.

या धोक्याचे टोकाचे उदाहरण नोव्हेंबर २०१९ मध्ये पुढे आले. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने जाहीर केले की, तिच्या काही सॉलिड स्टेट डिस्क फर्मवेअरमधील दोषामुळे ३२,७६८ तासांचा वापर होताच, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, बंद पडतील व त्यांतील माहितीही परत मिळणार नाही. एकत्र सुरू केलेल्या डिस्क जवळजवळ एकत्रच बंद पडण्याचा संभव होता. मार्च २०२० मध्ये ४०,००० तासांचा असाच दुसरा दोष जाहीर झाला. हा दोष झिजेचा नव्हता, हे खरे. पण समवयस्क घटकांवर विसंबण्यातील धोका त्याने उघडा केला. सुधारित फर्मवेअर वेळेत भरणे एवढाच उपाय होता. परंतु ज्या सर्व्हरचा देखभाल करार संपून गेला आहे, त्याच्यासाठी अशा सूचनांवर लक्ष ठेवणार कोण?

बिघाडाची सारीच लक्षणे इतकी ठळक नसतात. रेड कार्डावरील बॅटरी क्षीण झाली की, वीज गेल्यास माहिती गमावू नये म्हणून अनेक कार्डे तात्पुरत्या स्मृतीत लेखन साठविणे थांबवतात. काम मंदावते, आणि दोष नेटवर्कला दिला जातो.

आज्ञावली व बॅकअप :

जुन्या यंत्रावर बहुधा जुनीच कार्यप्रणाली असते. विंडोज सर्व्हर २००३ साठीचे साहाय्य १४ जुलै २०१५ रोजी संपले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर थैमान घातले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने या प्रणालीसाठी अपवाद म्हणून सुरक्षा दुरुस्ती दिली. अशा अपवादावर नियोजन करता येत नाही.

बॅकअप आहे, हे उत्तरही तपासून पाहावे लागते. एलटीओ-८ यंत्र एलटीओ-७ फीत वाचते, एलटीओ-६ किंवा त्याआधीची नाही. कपाटात एलटीओ-४ च्या फिती नीट क्रमाने लावलेल्या असतील. पण त्या वाचणारे एकमेव यंत्र त्या जुन्या सर्व्हरलाच जोडलेले असेल, तर सर्व्हर बंद पडल्यावर पहिला शोध त्याच पिढीच्या वापरलेल्या यंत्राचा घ्यावा लागतो.