जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकता येतं, मग जुन्या फोनवर का नाही?

दहा वर्षं जुना लॅपटॉप घ्या, पेनड्राइव्हवरून उबुंटू टाका. वायफाय, स्क्रीन, आवाज, बहुतेक वेळा सगळं आपोआप चालू होतं. आता ड्रॉवरमध्ये पडलेला जुना फोन घ्या. सहा जीबी रॅम, स्क्रीनवर ओरखडाही नाही. पण त्यावर तसं लिनक्स टाकता येत नाही. गंमत म्हणजे अँड्रॉइड स्वतःच लिनक्स कर्नलवर चालतं!

लॅपटॉप सुरू होताना त्याचं फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतं की आत काय काय जोडलेलं आहे. फोनमध्ये ही सोय सहसा नसते. टचस्क्रीन कुठे जोडलाय, चार्जिंगची चिप कुठली, हे सगळं 'डिव्हाइस ट्री' नावाच्या फाइलमध्ये आधीच लिहून द्यावं लागतं. प्रत्येक मॉडेलची फाइल वेगळी.

पण खरं दुखणं ड्रायव्हरचं आहे. चिप बनवणारी कंपनी लिनक्स कर्नलची एक आवृत्ती उचलते, त्यात आपले ड्रायव्हर घालते आणि ती प्रत फोन कंपनीला देते. फोन कंपनी त्यात आणखी भर घालते. यातलं बरंचसं काम मूळ लिनक्समध्ये, म्हणजे 'अपस्ट्रीम'ला, परत जातच नाही. इकडे कर्नलची आतली रचना सतत बदलत असते, आणि हे धोरण मुद्दाम ठेवलेलं आहे. ड्रायव्हर अपस्ट्रीममध्ये असेल, तर रचना बदलणाऱ्यालाच तो ड्रायव्हरही दुरुस्त करून द्यावा लागतो. बाहेर असेल, तर त्याला कुणी वाली नाही.

आपल्याकडे २०१८ मध्ये गाजलेला पोको एफ१ आठवतोय? स्नॅपड्रॅगन ८४५ चिप आणि कर्नल ४.९. ही आवृत्ती डिसेंबर २०१६ ची, म्हणजे फोन आला तेव्हाच ती दीड वर्षाहून जुनी होती. जानेवारी २०२३ मध्ये तिचा अधिकृत सपोर्ट संपला. लिनिएजओएस टाकून वरचं अँड्रॉइड नवं करता येतं, पण खाली कर्नल ४.९ च राहतं. वरचे मजले नवे, पाया तोच.

तरी हा फोन नशीबवान निघाला. क्वालकॉमच्या ग्राफिक्स चिपसाठी रॉब क्लार्क या डेव्हलपरने 'फ्रीड्रिनो' हा ड्रायव्हर चिप उलगडून, अंदाज बांधत लिहायला घेतला होता. पुढे ८४५ चे बाकीचे ड्रायव्हरही अपस्ट्रीममध्ये येत गेले, पोको एफ१ ची डिव्हाइस ट्रीसुद्धा आली. त्यामुळे २०१७ मध्ये सुरू झालेली, फोन दहा वर्षं टिकावा असं ध्येय ठेवणारी पोस्टमार्केटओएस ही सिस्टिम या फोनवर कितीतरी नवं कर्नल चालवू शकते. वनप्लस ६ मध्येही हीच चिप, त्यामुळे तेच काम त्यालाही लागू पडलं.

उबुंटू टचने जवळचा रस्ता धरला. २०१७ मध्ये कॅनॉनिकलने ती सोडल्यावर यूबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी ती पुढे नेली. अनेक फोनवर ती अँड्रॉइडचेच जुने ड्रायव्हर 'लिबहायब्रिस' नावाच्या थरातून वापरते. कॅमेरा, कॉल लवकर चालू होतात, पण फोन जुन्या कर्नलला बांधलेलाच राहतो.

'इतक्या सिस्टिम कशाला? मोबियन काय, फॉश काय, प्लाझ्मा मोबाइल काय!' अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला ती पटत नाही. डेस्कटॉपवरही शेकड्याने डिस्ट्रो आहेत, पण खाली कर्नल एकच, म्हणून चालून जातं. फोनमध्ये फाटाफूट पायातच आहे. गूगलनेही अँड्रॉइड १२ पासून नव्या फोनसाठी सामायिक कर्नल आणलं, चिपचे ड्रायव्हर वेगळ्या मॉड्यूलमध्ये काढले. अपडेट देणं सोपं झालं, पण ते मॉड्यूल अजूनही बहुतेक अपस्ट्रीमबाहेरच आहेत.

करून बघायचं असेल तर आधी पोस्टमार्केटओएसच्या विकीवर तुमच्या मॉडेलसमोर 'मेनलाइन' लिहिलंय का ते पाहा. आणि रोजच्या फोनवर तर मुळीच नको: कॅमेरा रुसतो, कॉलचा आवाज कधी येतो कधी नाही, यूपीआयची ॲप्स तर विसराच. दुसरा फोन हाताशी असेल तर मात्र खुशाल फ्लॅश करा, डेटाचा बॅकअप घेऊन.